जुना डी७५० घ्यावा की नवा मिररलेस? नागपुरातल्या लग्नांच्या हिशेबाने

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्याकडे निकॉन डी५३०० आहे, सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच येणारी) आणि ५५-२०० ची झूम. दोन सीझन दुसऱ्याच्या हाताखाली लग्नं केलीत, आता स्वतःच्या नावावर ऑर्डर घ्यायच्या आहेत. हातात सगळे मिळून ९० हजार आहेत. सीताबर्डीत ओळखीतून एक जुना निकॉन डी७५० मिळतोय, ५० मिमी एफ १.८ लेन्ससकट ५२ हजारांना, शटर काउंट, म्हणजे आजवरच्या क्लिक, ८६ हजार. घरचे म्हणतात, तेवढ्यात कॅननचा आर५० सारखा नवा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) येईल, वॉरंटीसह. मित्र म्हणतात, डीएसएलआरचे, म्हणजे डी७५० सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यांचे, दिवस संपले. पार्ट्या, म्हणजे ऑर्डर देणारी लग्नघरं, व्हिडिओ मागतात. शिवाय हिवाळ्यात गोरेवाडा आणि पेंचला पक्षी टिपायची हौस आहे. आणि शेवटी विचारलंय, "ताई, दोन्हीपैकी चांगला कॅमेरा कोणता?"

माझा डी७५० शी संबंध जुना आहे. नागपूरच्या महाल भागात वडिलांचा स्टुडिओ होता, तिथेच मी शिकले. गेली एकोणीस वर्षं लग्नं करते आहे. २०१५ पासून सात वर्षं डी७५० हीच माझी मुख्य बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) होती आणि आजही ती दुसरी बॉडी म्हणून बॅगेत असते. मुख्य काम आता मिररलेसवर चालतं. दोन्हींवर पोट भरलंय, त्यामुळे कुणा एकाची बाजू घ्यायची मला गरज नाही.

"चांगला कोणता" याचं उत्तर देता येत नाही, कारण तुम्ही एका बॉडीकडून तीन वेगळी कामं मागताय. लग्नाचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ आणि पक्षी. डी७५० पहिल्यात फार चांगला, दुसऱ्यात कच्चा आणि तिसऱ्यात तुमच्या आत्ताच्या डी५३०० पेक्षाही काही बाबतींत मागे आहे. तेव्हा खरा प्रश्न असा, की पुढच्या दोन वर्षांत तुमचे पैसे यातल्या कोणत्या कामातून येणार आहेत. पहिल्या दहा ऑर्डरींपैकी सात-आठ जणांना ॲल्बम हवा असेल तर माझं उत्तर एक आहे, निम्म्या लोकांना रील आणि हायलाइट हवे असतील तर दुसरं. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात असू द्या.

आता प्रकाशापासून सुरुवात करते. डी७५० सप्टेंबर २०१४ मध्ये आला. त्यात २४.३ मेगापिक्सेल आहेत, तुमच्या डी५३०० मध्येही जवळजवळ तेवढेच. म्हणून अनेकांना वाटतं की फरक नावापुरता असेल. पण डी७५० चा सेन्सर फुल फ्रेम आहे, म्हणजे साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर, आणि तुमचा साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलंत तर सव्वादोन पटींहून जास्त निघतं. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि शटर तेच ठेवलं तरी त्या मोठ्या पृष्ठावर तेवढ्या पट प्रकाश जमा होतो. एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा जास्त फायदा आहे हा, आणि आर५० चा सेन्सरही तुमच्या डी५३०० सारखा लहानच आहे हे लक्षात घ्या.

एका स्टॉपने काय होतं? गोरज मुहूर्ताचं लग्न डोळ्यांसमोर आणा. लॉनवर मांडव, मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा आकाशात उजेड होता, शेवटच्या अष्टकापर्यंत आकाश जांभळं पडलं आणि मागचे पिवळे दिवे लागले. या वीस मिनिटांत मी एफ २.८ (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं) आणि सेकंदाच्या १/१६० शटरवर असते आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० वरून ६४०० वर चढत जातो. डी७५० चे ६४०० चे फोटो मी निर्धास्तपणे ॲल्बमला देते. डी५३०० वर त्याच जागी मुंडावळ्यांमागच्या केसांचा लगदा होतो आणि शालूचा जांभळा-लाल रंग मळकट दिसतो. तुम्ही लिहिलंय की "संध्याकाळचे फोटो काळे येऊन राहिले". त्यात चूक फक्त तुमची नाही, पण फक्त कॅमेऱ्याचीही नाही. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ वर असते. एफ २.८ च्या मानाने तिथे प्रकाश एक चतुर्थांशच मिळतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. बॉडी बदलून एक स्टॉप कमावणार आणि लेन्स तीच ठेवून दोन गमावणार, असा व्यवहार नको.

याच सेन्सरचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. रॉ फाइलमधल्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमधल्या) सावल्या तो फार समजूतदारपणे उघडू देतो. आपल्याकडची दुपारची लग्नं आठवा. मांडवाच्या एका बाजूने कनातीतून ऊन घुसलेलं, नवऱ्या मुलाचा अर्धा चेहरा उजळून पांढरा, नवरीचा सावलीत. अशा वेळी मी पांढऱ्या भागाला धरून एक्स्पोजर कमी ठेवते आणि नंतर सावली दोन-अडीच स्टॉप उचलते. आयएसओ १०० ते ४०० ला घेतलेला फोटो हे सहज सोसतो. मात्र मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून येणाऱ्या उजेडाने चेहरे नारिंगी पडतात, त्यावर कुठलाही सेन्सर इलाज करत नाही. त्यासाठी ग्रे कार्ड (रंग साधायचा राखाडी पुठ्ठा) बाळगा, किंवा निदान एक फ्रेम पांढऱ्या टोपीवर व्हाइट बॅलन्स साधून घ्या.

आता फोकस. इथे दोष सांगायला जास्त जागा लागेल, कारण तुमचे मित्र "डीएसएलआर संपला" म्हणतात त्यात तथ्य असलेला भाग हाच आहे.

डी७५० मध्ये ५१ फोकस पॉइंट आहेत आणि ते उणे ३ ईव्ही (ईव्ही हे उजेडाचं माप) इतक्या मंद उजेडात काम करतात. त्या काळी हे फार मोठं होतं आणि आजही अंधारात मधल्या पॉइंटवर माझा विश्वास आहे. पण हे सगळे पॉइंट फ्रेमच्या मध्यभागी गोळा झालेले आहेत. अंतरपाटाचा क्षण घ्या. मध्ये कापड, डाव्या कडेला नवरा, उजव्या कडेला नवरी. फोटो ज्या दोन चेहऱ्यांचा आहे ते दोन्ही चेहरे पॉइंटांच्या बाहेर! मग आपण मधल्या पॉइंटने चेहऱ्यावर फोकस करतो आणि कॅमेरा फिरवून फ्रेम बांधतो. ८५ मिमी लेन्सने एफ १.८ वर दोन मीटरवरून घेतलेल्या फोटोत स्पष्ट दिसणारी खोली सगळी मिळून साधारण ६ सेंटिमीटर असते, म्हणजे चेहऱ्याच्या पुढे तीन आणि मागे तीन. कॅमेरा दहा अंश फिरवलात की फोकसचं प्रतल सुमारे ३ सेंटिमीटर सरकतं. पुढची किंवा मागची सगळी सवलत तिथेच संपली. फोटो स्क्रीनवर छान दिसतो, घरी मोठा केला की कान स्पष्ट आणि डोळे मऊ. पहिल्या वर्षी माझे असे कितीतरी फोटो गेले आणि मी लेन्सला दोष देत बसले होते.

मिररलेसमध्ये डोळा ओळखून फोकस फ्रेमच्या कडेपर्यंत जातो. आर५० सारख्या लहान बॉडीतही हे उत्तम चालतं. नवख्या माणसाला याचा फायदा माझ्यापेक्षा जास्त होईल, हे मी मोकळेपणाने मान्य करते. फक्त एक अनुभव सांगून ठेवते. मुंडावळ्यांचे मोती डोळ्यासमोर हलत असले की डोळा शोधणारा फोकसही कधीकधी मोत्यांवर जाऊन बसतो. म्हणून बॉडी कोणतीही असो, विधींच्या वेळी मी ८५ मिमी एफ २.८ च्या खाली उघडत नाही. दोन मीटरवर तिथे ९ सेंटिमीटरची खोली मिळते आणि मोत्यांसकट डोळाही वाचतो.

स्क्रीनवर बघून फोटो काढणं ही डी७५० ची आणखी दुखरी जागा. स्क्रीन वर-खाली वळते ही सोय खरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत, इतवारीतल्या गर्दीत, कॅमेरा डोक्यावर धरूनच फोटो काढावे लागतात. पण तसं धरलं की फोकस पुढेमागे चाचपडत राहतो आणि तेवढ्यात बडग्या (मिरवणुकीतला पुतळा) पुढे निघून गेलेला असतो. मी अशा वेळी २४ मिमीला एफ ८ लावून तीन मीटरवर हाताने फोकस करते आणि नुसती क्लिक करत जाते. भर दुपारी हे जमतं. रात्रीच्या वरातीत नाही.

व्हिडिओबद्दल मग लांबण लावत नाही. डी७५० वर १०८० पर्यंतच रेकॉर्डिंग होतं, ४के नाही, आणि चालत्या माणसावर फोकस टिकत नाही. ट्रायपॉडवर ठेवून सप्तपदी सलग घ्यायची असेल तर चित्र सुंदर येतं. हातात धरून नवरीच्या एंट्रीचा रील काढायचा असेल तर या कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. आर५० इथे सरळ पुढे आहे.

पण लग्नाच्या कामात गुण-दोषांच्या यादीत खालच्या ओळीत छापलेली एक गोष्ट असते, तिच्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. डी७५० ला दोन कार्डांच्या जागा आहेत, आर५० ला एक. डी७५० घेण्याच्या आधी मी एका कार्डाच्या बॉडीवर काम करायचे. वर्धा रोडवरचं एक लग्न होतं. आदल्या दिवशीची हळद काढून घरी आले, कार्ड लावलं आणि संगणक म्हणाला फॉर्मॅट करा. रिकव्हरी करणाऱ्याकडे दोन दिवस घालवले, ४०० पैकी ३० फोटो निघाले. मी त्या घरी जाऊन स्वतः सांगितलं, पैसे परत केले. मुलीच्या आईने पैसे घेतले नाहीत. "आता पुन्हा हळद कशी लावू, बाई?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो दोन कार्डांवर लिहिला जातो. आर५० घेतलात तर निदान जेवणाच्या पंगतीच्या वेळी कार्ड बदला आणि भरलेलं कार्ड फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर उतरवून घ्या. हे नेमाने कराल याची खात्री नसेल, तर ऑर्डर स्वतःच्या नावावर घेताना ही जोखीम मोजा.

बॅटरीचंही तसंच. डी७५० च्या एका बॅटरीवर कंपनी १२३० फोटो सांगते आणि लग्नाच्या धावपळीत मला त्याहून जास्तच मिळतात. आर५० चा आकडा चारशेच्या आसपास आहे, म्हणजे हळद ते पाठवणी तीन-चार बॅटऱ्या. चालवून घेता येतं, पण तो खर्च आजच धरा.

नागपूरकराने उन्हाचा विचार केल्याशिवाय कॅमेरा घेऊ नये. डी७५० च्या पुस्तिकेत वापरायचं तापमान शून्य ते ४० अंश लिहिलंय आणि आर५० चंही तेवढंच आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पारा ४५ ला जातो. अक्षय्य तृतीयेच्या आसपासची दुपारची लग्नं म्हणजे दोन्ही कॅमेरे कंपनीने आखलेल्या रेषेच्या बाहेर चालतात. माझा डी७५० फोटोंसाठी कधी अडला नाही, कारण त्याचा सेन्सर क्लिक करेपर्यंत बंद असतो. लहान मिररलेस बॉडीत सेन्सर सतत चालू, त्यावर ४के लावून अर्धा तास उन्हात धरलं की गरम होऊन रेकॉर्डिंग थांबू शकतं. उपाय साधे आहेत. कॅमेरा काळा असतो, त्यावर पांढरा दुपट्टा टाकून ठेवा. दोन विधींच्या मधे बंद करा. गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नका. आणि कूलरसमोरून एकदम बाहेर काढलात तर लेन्सवर दमट थर येतो, तो पुसायला रुमाल लावू नका, पाच मिनिटं थांबा. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात पडून राहिलेल्या माझ्या दोन लेन्सना बुरशी लागली आहे.

त्याच उन्हात डी७५० चे दोन खरे दोष दिसतात. त्याचं शटर १/४००० पर्यंतच जातं आणि फ्लॅशबरोबर १/२०० पर्यंत. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला १/२०० वर एफ ११ लागतं. म्हणजे नवरा-नवरीच्या मागचं मैदान धूसर करायचं आणि चेहऱ्यावर फ्लॅशही टाकायचा, हे सरळ मार्गाने होत नाही. हाय-स्पीड सिंक (जलद शटरसोबत फ्लॅश चालवायची सोय) वापरावं लागतं आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. फ्लॅश नसला तरी एफ १.८ उघडून उन्हात काढायला १/४००० सुद्धा अपुरं पडतं. मी अशा वेळी जोडप्याला कडुनिंबाच्या सावलीत नेते. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर बॅगेत असतो, पण तो लावायला लग्नात वेळ मिळत नाही.

हॉलमधले एलईडी दिवे ही नवी डोकेदुखी आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/२५० केलं की फोटोत काळे-पिवळे पट्टे येतात, किंवा लागोपाठच्या दोन फोटोंत उजेड वेगळा. डी७५० मध्ये फोटोंसाठी यावर वेगळी सोय नाही. पट्टे दिसले की मी १/१०० वर उतरते, लोक हलत नसतील तर १/५०. मिररलेसचं इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर हे पट्टे आणखी वाईट येतात. बुद्धविहारातल्या लग्नात त्रिशरण-पंचशील चालू असताना डी७५० चा आवाज मला स्वतःला टोचतो. त्यात शांत मोड आहे, तो आवाज कमी करतो, घालवत नाही. मिररलेस तिथे अगदी मुकाट काम करतो, पण आधी दिव्यांची परीक्षा घेऊन मगच इलेक्ट्रॉनिक शटर लावा.

आता पक्षी. डी५३०० विकून टाकू का, असं तुम्ही ओझरतं विचारलंय. विकू नका. २०० मिमी लेन्सने दोन्ही कॅमेऱ्यांवर खंड्या सेन्सरवर तेवढाच लहान उमटतो. पण डी५३०० चे २४ मेगापिक्सेल लहान जागेत दाटीने बसलेत, म्हणून त्या खंड्याच्या वाट्याला सव्वादोन पट जास्त पिक्सेल येतात. डी७५० वर तेवढाच भाग कापून घेतलात तर हातात जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात. शिवाय डी७५० सेकंदाला साडेसहा फोटो घेतो खरा, पण रॉमध्ये साधारण १५ फोटोंनंतर दम घेतो. पक्ष्यांसाठी पुढे पैसे जमले की १५०-६०० ची झूम बघा आणि ती डी५३०० वरच लावा. गोरेवाड्यात सकाळचा उजेड चांगला असतो, तिथे लहान सेन्सर पुरतो.

तुमच्या दोन लेन्सचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि खर्चाचा सगळा घोळ तिथेच आहे. १८-५५ आणि ५५-२०० या लहान सेन्सरसाठी केलेल्या लेन्स आहेत. डी७५० वर लावल्या की कॅमेरा आपोआप फ्रेम कापून १० मेगापिक्सेलचा फोटो देतो. करिझ्मा ॲल्बमच्या १२ बाय ३६ इंचांच्या दोन पानांवर एक फोटो पसरला तर पूर्ण फ्रेमचा दर इंचाला १६७ पिक्सेल देतो, कापलेला ११० सुद्धा देत नाही. कॅननवर तर या लेन्स बसणारच नाहीत. म्हणजे डी७५० घेतलात की लग्नासाठी तुमच्याकडे एकच लेन्स उरली, ५० मिमी. स्टेजवर बारा माणसं उभी राहिली की सुमारे ६ मीटर रुंदी होते. ५० मिमीने ती बसवायला साडेआठ मीटर मागे जावं लागतं, आणि तिथे खुर्च्या, मुलं, आइस्क्रीमचा काउंटर. २८ मिमीने पावणेपाच मीटरमध्ये काम होतं. थोडक्यात, ५० मिमीवर नवरीचे पोर्ट्रेट मिळतील, मामा-मामींचा ग्रुप मिळणार नाही, आणि आपल्याकडे पार्टी ॲल्बम उघडून आधी तोच बघते.

उरलेल्या ३८ हजारांत म्हणूनच जुनी टॅमरॉन २८-७५ एफ २.८ किंवा निकॉनची जुनी २४-१२० एफ ४, एक चांगला फ्लॅश आणि चार कार्डं बसवा. मी टॅमरॉन घेईन, उजेडासाठी. इथे डी७५० चा एक जुना गुण उपयोगी पडतो. त्याच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर आहे, तुमच्या डी५३०० मध्ये नाही. त्यामुळे जुन्या डी मालिकेच्या लेन्स, उदाहरणार्थ ८५ मिमी एफ १.८ डी, या बॉडीवर ऑटोफोकस करतात आणि बाजारात त्या स्वस्त असतात. निकॉनचा हा माउंट (लेन्स बसवायची जागा) १९५९ पासून चालत आलाय. माझ्या वडिलांची हाताने फोकस करायची १०५ मिमी एफ २.५ मी आजही डी७५० वर लावते आणि मीटर बरोबर चालतो. ज्या लेन्सने त्यांनी माझ्या मावशीचं लग्न काढलं, तिने मी मावशीच्या नातीचं बारसं काढलं.

डीएसएलआर संपला हे म्हणणं कंपन्यांच्या बाजूने बरोबर आहे. निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मध्ये आले, नव्या लेन्स आता मिररलेसच्या झेड माउंटच्याच येतात. पुढे तुम्ही मिररलेसवर जाणारच. त्यासाठी आजची बॉडी दोन वर्षं कमावून द्यायला हवी, आयुष्यभर नाही. डी७५० च्या शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंत झालेली आहे. ८६ हजार झालेत, ६४ उरले. दोन दिवसांच्या लग्नाला अडीच हजार फोटो धरलेत तर ही पंचवीस लग्नं होतात. दीड लाखाला ते बंद पडतं असंही नाही. माझं १ लाख ९२ हजारांना गेलं, ते बदलून बॉडी पुन्हा चालू आहे.

आत्तापर्यंतचं एकत्र सांगायचं तर माझा कौल असा. ऑर्डरी मुख्यतः ॲल्बमच्या असतील तर डी७५० घ्या, पण ९० हजारांतले ३८ लेन्स-फ्लॅशसाठी अडवून ठेवा आणि डी५३०० दुसरी बॉडी म्हणून आणि पक्ष्यांसाठी राखा. निम्म्याहून जास्त पार्ट्या व्हिडिओ मागत असतील तर आर५० घ्या आणि एका कार्डाची जोखीम शिस्तीने सांभाळा. आणि ५२ हजारांनंतर लेन्ससाठी पैसे उरणारच नसतील तर दोन्ही घेऊ नका. डी५३०० वर १७-५० एफ २.८ ची जुनी लेन्स आणि एक फ्लॅश घेऊन हा सीझन काढा. संध्याकाळचे तुमचे फोटो तेवढ्यानेच निम्मे सुधारतील.

घ्यायचंच ठरलं तर बघायला जाताना घाई करू नका. आधी अनुक्रमांक टिपून घ्या. या मॉडेलच्या काही बॉड्यांत शटरचा पडदा नीट न चालल्याने फोटोचा काही भाग काळवंडायचा. निकॉनने जुलै २०१५ मध्ये हे जाहीर केलं, पुढे त्यात आणखी बॉड्या धरल्या आणि शटर मोफत बदलून दिलं. त्याआधी समोरच्या तीव्र उजेडामुळे फ्रेमच्या वरच्या कडेला विचित्र पट्टा यायचा, त्याचीही दुरुस्ती झाली होती. विकणाऱ्याकडे सर्व्हिसची पावती असेल तर उत्तम. नसेल तर मोकळ्या आकाशाकडे धरून १/४००० वर वीस फोटो काढा आणि वरच्या-खालच्या कडा बघा. त्याच आकाशाचा एफ १६ वर एक फोटो घ्या, सेन्सरवरचे डाग दिसतील. शटर काउंट तोंडी ऐकू नका, तिथेच काढलेल्या फाइलमधून वाचा. स्क्रीन दहा-बारा वेळा वर-खाली करून बघा. त्या वळणाऱ्या भागातली पट्टी झिजली की स्क्रीन मधेच बंद पडते. फ्लॅश लावून हलकेच हलवा, सैल असेल तर लग्नाच्या गर्दीत तो फुसका जाणार.

शेवटी ५० मिमी एफ १.८ वर करून दुकानातल्या माणसाच्या डोळ्यावर मधल्या पॉइंटने दहा फोटो घ्या आणि मोठे करून बघा. दहापैकी सगळ्यांत फोकस कानावर गेला तर ते मेनूतल्या एएफ फाइन ट्यूनने सुधारता येतं. तीन डोळ्यावर, चार कानावर, तीन नाकावर असं विखुरलेलं असेल तर ती बॉडी सोडून द्या. आणि स्वतःची दोन कार्डं घेऊन जा, दोन्ही जागांमध्ये घालून दोन्हींवर फोटो लिहिला गेलाय हे तिथेच, पैसे देण्याआधी तपासा.